सवच्या कुंडावर उतरलेला फेस

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण शेवटाकडे आलो की मला अजून रडू येतं. चहा घेतलात ना? मग ऐका, एका फेसापायी माझी होऊ घातलेली कायमची नोकरी कशी गेली ते.

ऐंशीच्या दशकात महाडला रसायनांचे कारखाने यायला लागले होते. त्यातल्याच एका पत्र्याच्या शेडमध्ये मी केमिस्ट होतो. केमिस्ट, पण टेम्पररी. रोज पोलादपूरहून एसटीने यायचं आणि मालकांच्या मनात आलं तर उद्यापासून यायचं नाही, असा सगळा कारभार. आमच्या वाडीत बी.एस्सी. झालेला मी पहिलाच, त्यामुळे आईने मात्र मला केव्हाच साहेब करून टाकलं होतं.

अशात मालकांनी कुठूनतरी एका तेल कंपनीचं काम मिळवलं. त्यांना फेस करणारं रसायन हवं होतं. तुम्ही म्हणाल, तेलवाल्यांना फेस कशाला? आईनेही हेच विचारलं होतं. मी तिला समजावलं, की विहिरीतलं सहज निघणारं तेल काढून झालं की उरलेलं खडकात अडकून बसतं. ते ढकलायला खाली गॅस सोडतात. पण गॅस महा लबाड. मोकळी वाट सापडली की तिथूनच पळतो आणि तेल जागच्या जागी राहतं. आपल्या खाचराच्या बांधाला खेकड्याचं बीळ पडलं की सगळं पाणी तिथूनच जातं ना, तसंच. आपण बिळात चिखलाचा बोळा मारतो, हे लोक त्या वाटेत फेस भरतात. मग गॅसला झक मारत अडचणीतून जावं लागतं आणि जाता जाता तो तेल पुढे रेटतो.

"मंग फेस दमाचा पायजे," आई म्हणाली.

दमाचाच केला होता हो! चार महिने त्या रसायनापायी मी नीट जेवलो नाही. मालक म्हणाले होते, सॅम्पल पास झालं तर तू कायम. हे मी घरी सांगितलं ही पहिली चूक, कारण आईने ते वाडीभर सांगितलं. लोक मला आतापासूनच पेढे मागायला लागले.

आता तेलाच्या विहिरीतलं पाणी गरम आणि खारट असतं, त्यात फेस टिकला पाहिजे. शहाण्या माणसाने काय केलं असतं? लॅबमध्ये पाण्यात मीठ घालून ते तापवलं असतं. पण मला सुचलं सव गावचं कुंड. महाडच्या जवळच जमिनीतून आयतं गरम, खारट पाणी वर येत असताना स्टोव्ह कशाला पेटवायचा? एका दुपारी भाड्याची सायकल घेऊन गेलो. कुंडावर चिटपाखरू नव्हतं. काचेच्या बरणीत कुंडाचं पाणी घेतलं, चमचाभर रसायन टाकलं आणि सायकलच्या पंपाने हवा मारली. फेस बरणीच्या गळ्यापर्यंत चढला. मी चहा पिऊन परत आलो तरी तो तिथेच उभा होता. त्या फेसाला मी नमस्कार करायचा बाकी राहिलो.

मुंबईहून तेल कंपनीचे साहेब येणार ठरलं. मालक म्हणत होते की लॅबमध्येच दाखवू. पण माझ्या अंगात आलं होतं ना! मी म्हटलं, नाही, साहेबांना खऱ्याखुऱ्या जमिनीतल्या पाण्यात दाखवतो. आणि साहेबांना सवड होती फक्त रविवारी.

रविवारी सवला कोण येतं? पंचक्रोशीतले सगळे दुखरे गुडघे येतात. आम्ही पोहोचलो तेव्हा सकाळपासून कितीतरी जण कुंडात बसून उठले होते. मी ऐटीत बरणी भरली, रसायन टाकलं, पंप मारला. चार बुडबुडे वर आले आणि फुटले.

मी दोन चमचे टाकले. मग चार टाकले. पंप मारून मारून माझ्या तोंडाला फेस आला, बरणीत काही येईना. मालकांचा चेहरा बघवत नव्हता.

कुंडात एक म्हातारबाबा गळ्यापर्यंत बसून माझी गंमत बघत होते. माझा सगळा राग त्यांच्यावर निघाला. पाण्यात काय टाकलंत, असं मी त्यांना दरडावून विचारलं.

ते शांतपणे म्हणाले, "मी काय पन नाय टाकला. आंगाला तेल हाय माज्या. हितं समदीच तेल चोळून उतरतात. तेलात फेस ऱ्हातो का रे कुटं?"

मी पाण्याकडे निरखून पाहिलं. खरंच, वर तेलाचा तवंग होता. काय सांगू, माझ्या जिवात जीव आला! म्हणजे माझं रसायन चांगलंच होतं. मी आनंदाने साहेबांकडे वळलो आणि मालकांच्या देखत, मोठ्या आवाजात सांगितलं, "सर, सॅम्पलमध्ये काही दोष नाही. हे तेलामुळे झालंय. तेल नसेल तिथे माझा फेस तासभर हलणार नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि अगदी मायेने विचारलं, "आपण विहिरीतून काय काढतोय?"

"तेल, सर," मी म्हणालो.

म्हणालो आणि मग मला ऐकू आलं.

चार महिने मी उष्णता तपासली, मीठ तपासलं, आणि तेलाच्या विहिरीसाठी बनवलेल्या फेसात तेलाचा एक थेंब टाकून बघितला नाही. परतताना मालकांनी मला जीपमधून एसटी स्टँडवर उतरवलं आणि उद्या आला नाहीस तरी चालेल, असं सांगितलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

घरी आलो तर आईने आनंदात गोडाचा स्वयंपाक मांडलेला. मी तोंड उघडणार तोच चुलीवरच्या वरणाला ऊत आला, फेस पातेल्याच्या काठापर्यंत चढला. आईने मागे न बघता बुधलीत बोट बुडवलं आणि तेलाचा एक थेंब पातेल्यात सोडला. फेस मुकाट खाली बसला.

मी मटकन पाटावर बसलो आणि विचारलं, "आई, हे तू कधीपासून करतेस?"

"तुला पयला वरनभात भरवला ना, तवापासून," ती म्हणाली. "का रे? कालेजात नाय शिकवला तुला?"

शिकवलं होतं हो. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत प्रश्नही आला होता. मी तो ऑप्शनला टाकला होता.