कल्पिता परब, बदली
परबांच्या चारकोपच्या घरात टीव्हीच्या वर एक तक्ता लावलेला होता. जांभळ्या स्केचपेनने मथळा : ‘या महिन्याचा विषय – कापड’. खाली वारांचे रकाने. सोमवारी कापसाची गोष्ट, मंगळवारी धाग्यांचं गणित, बुधवारी हळद आणि डाळिंबाच्या सालीने रंगकाम, गुरुवारी विणणं. मागचा महिना ‘पूल’चा गेला, त्याआधीचा ‘मधमाशी’चा. भाषा, गणित, विज्ञान सगळं त्या एका विषयातून, आणि तेही हाताने करून. तक्ता कल्पिताचा, कल्पना कल्पिताची आणि विद्यार्थिनीही तिचीच. नऊ वर्षांची प्रांजल.

दुसरीत असताना प्रांजलचं रोज सकाळी पोट दुखायचं. फक्त रविवारी नाही. डॉक्टर झाले, दृष्ट काढून झाली, शेवटी कल्पितानेच काय ते ओळखलं आणि मुलीला शाळेतून काढलं. स्वतःची मालाडची नोकरीही सोडली. तेव्हा नणंद फोनवर म्हणाली होती, “घरी बसवून पोरीची वाट लावणार तू.” त्यावर कल्पिता एवढंच म्हणाली, “हिला मी शिकवणार. मी.” तो दुसरा ‘मी’ तिने दोन वर्षं छातीशी धरून ठेवला होता.

त्याला धक्का लागला तो घरातूनच.

तिने विणकामाचा छोटा माग मागवला होता. पहिल्याच गुरुवारी मायलेकी तो घेऊन बसल्या, आणि अर्ध्या तासात तीनदा धागा तुटला. प्रांजल जांभया द्यायला लागली. खिडकीशी पेपर वाचत बसलेले सासरे, गुणाजी, चष्म्यावरून सगळं बघत होते. गिरणी बंद पडेपर्यंत ते साळखात्यात होते, कापड विणायच्या खात्यात.

“अगो, ताणो ढिलो असा. धागो तुटतलो नाय तर काय करतलो?”

“बाबा, व्हिडिओत असंच दाखवलंय.”

“मगे त्या व्हिडिओवाल्याक सांग, चार दिवस साळखात्यात ये म्हणान.”

प्रांजल खुदकन हसली. सकाळपासून पहिल्यांदा. कल्पिताने ते बरोबर मोजलं.

गुणाजींनी उभे धागे ओढून पुन्हा बांधले. तुटलेल्या धाग्याची दोन टोकं चिमटीत धरली, चुटकी वाजवावी तशी बोटं फिरली आणि गाठ बसली. इतकी बारीक की दिसेना.

“आजोबा, अजून एक धागा तोडू?”

“तोड गो बाय. पण आधी सांग. इंचाक बारा धागे. पट्टो आठ इंचाचो. मगे धागे किती?”

“शहाण्णव!”

कल्पिता बघतच राहिली. बाराचा पाढा तिने दोन महिने चालीवर घोकून घेतला होता, जिन्याच्या पायऱ्यांवर उड्या मारत म्हणून घेतला होता. बारा आठेला गाडी नेमाने अडायची. आणि सासऱ्यांनी खुर्चीतून उठल्या उठल्या ती पार करून घेतली.

रात्रीच्या जेवणात नवरा, सुबोध, म्हणाला, “झकास ना यार! घरबसल्या स्पेशालिस्ट मिळाला तुला.”

“मला कशाला हवाय स्पेशालिस्ट? मी काय करते मग दिवसभर?”

“अगं, मी चांगलं म्हणतोय.”

“तेच तर.”

मग सोमवारही गुरुवार झाला आणि मंगळवारही. कल्पिता हळदीचं पातेलं घेऊन उभी राहायची.

“प्रांजल, आज रंगकाम आहे ना आपलं?”

“आई, थांब ना. आमची गिरणीची पाळी चालू आहे.”

आमची! पातेलं ओट्यावर जरा जोरातच आदळलं. सासरे वाईट शिकवत असते तर निदान भांडता आलं असतं. पण ते उत्तम शिकवत होते, एकही तक्ता न करता. त्याचाच तिला राग येत होता आणि त्या रागाची लाजही वाटत होती.

एका दुपारी आजोबा-नात दोरा आणायला खाली गेले. माग टेबलावर होता, शेजारी आडवे धागे ठोकून बसवायची लाकडी फणी. कल्पिताने टेबल पुसायला फणी उचलली ती परत ठेवलीच नाही. स्टुलावर चढली आणि कपाटाच्या वर, जुन्या सुटकेसच्या मागे सरकवून दिली. उतरताना तिला वाटलं, बस, दोन दिवस. दोन दिवस माझे.

“आई, फणी बघितलीस?”

“नाही गं.”

खुर्चीखाली शोधलं, दिवाणाखाली शोधलं. गुणाजी पण वाकून वाकून शोधत होते. दोन दिवस कल्पिताने मुलीला कापसाची गोष्ट लिहायला बसवलं. प्रांजलने दोन्ही दिवस मिळून चार ओळी लिहिल्या.

तिसऱ्या दुपारी, प्रांजल खाली खेळायला गेल्यावर, कल्पिताला मागाखाली एक वही दिसली. कव्हरवर ‘मस्टर’. आत प्रांजलच्या गोल अक्षरात हजेरी. प्रांजल परब, कायम. गुणाजी परब, कायम. आणि तिसरी ओळ : कल्पिता परब, बदली.

वही घेऊन ती तशीच सासऱ्यांसमोर उभी राहिली. ते चहा पीत होते.

“बाबा, मी बदली?”

“प्रांजलान माका इचारल्यान बदली म्हंजे काय. मी सांगलंय, जो रोज मागार नसता, कोण आजारी पडलो तर तेच्या जागी घेतत, तो बदली. नावा तिनाच लिवल्यान.”

“मी रोज नसते? दोन वर्षं कोण होतं मग इथे?”

गुणाजींनी कप खाली ठेवला. “बस.”

ती बसली नाही.

“मी सा वर्सां बदली होतंय. रोज सकाळी गेटार उभो. कोणाचो खाडो पडता तां बघित. धोंडिराम म्हणान एक कायम होतो, चांगलो कारागीर. तेका बघून माझो जीव जळायचो. ह्यो आजारी पडांदे, असा मी रोज म्हणायचंय. आणि पडलो. कावीळ. अठरा दिस तेचो माग मी चालवलंय. एकोणिसाव्या दिवशी तो परत येतलो म्हटल्यावर काय केलंय सांगू? मागाचो पट्टो ढिलो करून ठेवलंय.”

“मग?”

“तेना आल्या आल्या पट्टो बघल्यान, माझ्याकडे बघल्यान, पट्टो कसल्यान आणि कामाक लागलो. एक अक्षर बोललो नाय. शिवी घातल्यान असती तर बरा झाला असता.” गुणाजींनी कप पुन्हा उचलला. “आता ती कपाटावरची फणी काढ. माझो हात पोचणा नाय.”

कल्पिताने स्टूल घेतलं, फणी काढली, पुसली आणि मागापाशी ठेवली.

महिनाअखेरीला घरी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांचा मेळावा होता, बोरिवलीत, त्यांच्यातल्याच एका आईच्या, तेजलच्या, सोसायटीच्या हॉलमध्ये. मुलं आपापलं काम दाखवत. निघायच्या वेळी गुणाजी बनियनवरच बसून होते.

“आजोबा, चला ना!”

“आज माझो खाडो. आवशीक घेऊन जा.”

हे आपल्यासाठीच, हे कल्पिताला कळलं. त्यांचा मोठेपणा तिला अर्धा आवडला, अर्धा खुपला.

हॉलमध्ये प्रांजल विणत होती आणि भोवती मुलं जमली होती. मधेच धागा तुटला. प्रांजलची बोटं फिरली आणि गाठ बसली.

“काय सफाई आहे!” तेजल म्हणाली. “कल्पिता, हे तू शिकवलंस?”

प्रांजल मान वर करून आईकडे बघत राहिली. सांगायचं काम तिने आईवर सोडलं होतं.

“नाही,” कल्पिता म्हणाली. “हिच्या आजोबांनी. मला ही गाठ येत नाही.”

बोलून टाकल्यावर हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

“आई, तुला शिकवू?” प्रांजलने विचारलं आणि सरकून जागा केली. “अंगठा इथे. असा नाही गं. बोट खाली घे. ओढू नकोस आधीच!”

तीनदा गाठ सुटली. चौथ्यांदा बसली, चांगली ज्वारीच्या दाण्याएवढी. प्रांजलने ती डोळ्यांजवळ नेऊन तपासली, मग आईच्या कानाशी आली.

“चालेल. पण आजोबांना नको हं दाखवूया.”

“मुळीच नको,” कल्पिता म्हणाली.