हॉर्नचं पान

फिनलंडच्या त्या संगीतकारांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला नोकरी लागून दोनच महिने झाले होते. लंडनमधल्या एका संगीत-प्रकाशकाकडे मी प्रती उतरवायचे. संगीतकाराच्या हस्तलिखितावरून प्रत्येक वादकासाठी वेगळी प्रत, शाईने, हाताने. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, पण आमच्या टेबलांवर कॉम्प्युटर अजून यायचे होते.

त्यांच्याबद्दल ऑफिसात ऐकलं होतं. तरुणपणी त्यांनी कर्कश, अंगावर येणाऱ्या रचना केल्या. मग कितीतरी वर्षं फक्त चर्चमधल्या गायकांसाठी लिहिलं. आता पन्नाशीनंतर पुन्हा मोठ्या वाद्यवृंदाकडे वळले होते.

त्यांच्या नव्या रचनेच्या तालमीच्या सकाळी क्रॉयडन या उपनगरातून ट्रेनमध्ये बसले, सहज हस्तलिखिताची फोटोकॉपी उघडली आणि हॉर्नच्या ओळींवर नजर अडली. हॉर्न या पितळी वाद्यावर ‘सा’ ऐकू यायचा असेल, तर वादकाच्या कागदावर ‘प’ लिहावा लागतो. संगीतकारांनी ऐकू येणारे स्वर लिहिले होते. बदल मी करायचा होता. तिसऱ्या भागातल्या या पानावर केला होता का? ते पान उतरवत होते त्याच दुपारी शाळेतून फोन आला होता, मुलगी पडली म्हणून. मी पेन टाकून धावले होते. परत आल्यावर काय लिहिलं, काही केल्या आठवेना.

हॉलवर पोचले तर प्रती वादकांसमोर होत्या. वाद्यवृंदाच्या कंडक्टरना जाऊन सांगायला हवं होतं. पण धीर झाला नाही. मागे बसून राहिले. पुढच्या रांगेत संगीतकार होते, उंच, राखाडी स्वेटरमधले. पहिला भाग संपला, दुसरा संपला.

तिसऱ्या भागात हॉर्न सुरू झाले आणि सगळा आवाज चिखलात रुतल्यासारखा खाली गेला.

कंडक्टर थांबले. मागे वळून त्यांनी विचारलं, “हे असंच हवंय?”

संगीतकार गडबडून उठले. पानं उलटत म्हणाले, “नाही... माझंच काहीतरी चुकलं असेल. माफ करा.”

ते ऐकवेना. मी उभी राहिले. “सर, चूक माझी आहे. हॉर्नच्या प्रती मी उतरवल्यात.”

ऐंशी माणसं माझ्याकडे बघत होती. नोकरी गेली, एवढंच डोक्यात होतं.

चहाची सुट्टी झाली. चार प्रती घेऊन मी दुरुस्त करायला बसले. घाईत कागद सरकत होता. संगीतकार शेजारी येऊन बसले आणि कागद हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवला.

“तुम्हाला राग नाही आला?” मी विचारलं.

“मी घाबरलो होतो,” ते म्हणाले. “माझ्या पहिल्या सिम्फनीला लोक हसले होते. तेव्हापासून तालमीत काहीही बिघडलं, की मला वाटतं मीच चुकलो.”

ऑफिसात मी स्वतःच सांगितलं. बोलणी खाल्ली, नोकरी मात्र राहिली. नव्वदच्या दशकात त्यांच्या आणखी रचना माझ्याकडे आल्या. प्रत्येक नवी रचना आधीपेक्षा शांत, पानावर मोकळी जागा जास्त.

त्या तालमीच्या दिवशी संध्याकाळी झालेल्या कार्यक्रमाला मिस्टर सोबत आले होते. तिसरा भाग सुरू झाला, हॉर्नवाल्यांनी वाद्यं ओठांना लावली.

“अगं, हात सोड,” ते कुजबुजले. “नखं रुततायत.”


मी सोडला नाही.