पूजेसाठी बंद केलेलं यंत्र

बुद्धभूषण मेश्राम मूळचा उमरेडचा. पुण्यात येऊन बरीच वर्षं झाली, नोकरी लागली, मांजरीत फ्लॅट झाला, पण भीती काही सुटली नाही. दाराला कुलूप लावून जिना उतरला की हा परत वर जायचा, गॅस बंद आहे ना ते बघायला. बायको मैत्री तेवढा वेळ जिन्यातच पिशवी टेकवून उभी राहायची. ती एका लहान डायलिसिस केंद्रात नर्स. वाट बघण्याची तिला सवय होती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. याच्यापाठी ब्रह्मराक्षसांची अख्खी हाउसिंग सोसायटी होती.

पण या भित्रेपणावरच त्याचं पोट चाललं होतं. खराडीतली त्याची कंपनी इतरांचे सर्व्हर सांभाळायची. सर्व्हर म्हणजे एक लोखंडी पेटी, आणि तिच्या पोटात पाच-दहा कॉम्प्युटर भाडेकरूंसारखे राहतात. ते राहायला येण्याआधी पेटीत जो पाया घालावा लागतो, तो घालणं हे बुद्धभूषणचं काम. पूर्वी तो पेनड्राइव्ह घेऊन एकेका पेटीसमोर बसायचा. मग त्याने ते काम केबलवर सोपवलं. पेटी चालू झाली की केबलवरून विचारायची, मी काय करू? पलीकडून त्याचा प्रोग्राम सांगायचा, आधी सगळ्या डिस्क पुसून टाक, मग हा पाया घाल. माणसाने फक्त केबल जोडायची.

त्याचे साहेब दत्तप्रसाद नारायण पेठेतले. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "छान. म्हणजे आपली आता गरज उरली नाही, हे आपण स्वतःच सिद्ध केलंत." पुण्यात याला कौतुक म्हणतात.

सुरुवातीला बुद्धभूषणने पुसण्याआधी एक प्रश्न ठेवला होता: खरंच पुसू का? पण नवरात्रात नव्या पेट्यांचा ढीग येऊन पडला, आणि प्रत्येकीसमोर 'हो' म्हणायला माणूस उभा करावा लागू लागला. "यंत्रालाही आपल्यासारखीच दहादा विचारायची खोड लावलीत का?" साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. सगळे हसले. बुद्धभूषणला ते लागलं आणि त्याने तो प्रश्न काढून टाकला. जन्मात एकदा धीटपणा दाखवला, तो नेमका इथे.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं हे मेश्रामांच्या घरात वडिलांपासून ठरलेलं. त्यामुळे खंडेनवमीच्या सकाळीच दोघं नागपूरच्या बसमध्ये बसली. ऑफिसात त्या दिवशी हत्यारांची पूजा असायची. बुद्धभूषण पूजेला कधी नसायचा, त्याबद्दल कोणी काही बोलायचंही नाही. पण "आपलं हत्यार तरी ठेवून जा," असं साहेब म्हणाल्यावर त्याला नाही म्हणवेना. लॅपटॉप चौरंगावर ठेवून आला. नव्या रांगेच्या केबलवर त्याचा प्रोग्राम चालूच होता, कारण उरलेल्या नव्या पेट्या सौरभ नावाचा सहकारी जोडणार होता.

शिरूर मागे पडलं आणि ऑफिसच्या ग्रुपवर फोटो आला. दर वर्षी स्क्रूड्रायव्हर आणि कीबोर्ड पुजायचे; यंदा साहेबांच्या मनात आलं, खऱ्या यंत्राची पूजा करू. मागच्या रांगेतली सर्वांत जुनी पेटी बंद करून, धूळ झटकून नव्या रांगेत, सगळ्यांना दिसेल अशी बसवली होती. झेंडूचा हार, हळदकुंकू, सगळं साग्रसंगीत. बुद्धभूषणने फोटो मोठा केला. पेटीवरचे दिवे विझलेले होते आणि तिला नव्या रांगेची केबल जोडलेली होती.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

ती जुनी पेटीही चालू होताना आधी केबललाच विचारायची. इतकी वर्षं तिला उत्तर द्यायला कोणी नव्हतं, म्हणून ती आपली गुपचूप स्वतःच्या डिस्कवरून चालू व्हायची. आता त्या केबलवर उत्तर देणारा बसला होता, आणि तो काही विचारणार नव्हता. पूजेनंतर कोणी पेटी चालू केली की संपलं. त्या पेटीत मैत्रीच्या डायलिसिस केंद्राच्या नोंदी होत्या: कोणाला कोणतं औषध चालतं, कोणाला जिवावर बेततं. त्यांची नक्कलही त्याच पेटीच्या दुसऱ्या डिस्कवर. दुसरीकडे ठेवायचं दिवाळीनंतर बघू, असं केंद्राचे मालक म्हणाले होते.

फोटोखाली सौरभने लिहिलं होतं, 'आता मोबाईलचीही पूजा. आरती होईपर्यंत फोन करू नये.'

तरी त्याने केले. साहेबांना, सौरभला, पुन्हा साहेबांना. सगळे फोन चौरंगावर फुलांखाली आवाज बंद करून ठेवलेले. "काहून, काय झालं?" मैत्रीने विचारलं. त्याने मान हलवली. शेवटी त्याने खालच्या गेटवरच्या बद्रीनाथला लावला.

"बद्रीनाथ, पळत वर जा. हार घातलेली पेटी आहे, तिची मागची केबल ओढ."

"साहेब, वर पूजा चाललीया. देवाच्या कामात मी कसा हात घालू?"

"माझ्यावर घाल सगळं! जा!"

फोनवर जिन्यातल्या बुटांचा आवाज, मग घंटा, टाळ्या, आरती. "साहेब, पेटी चालू केलीया," बद्रीनाथ धापा टाकत म्हणाला. "पडद्यावर एक पट्टी सरकत्या. निम्म्याच्या म्होरं गेली."

"ओढ!"

खाडकन आवाज आला. आरती थांबली. मग बद्रीनाथच्या फोनवर साहेबांचा आवाज, नेहमीसारखा संथ: "बुद्धभूषण, विघ्न आणायचंच होतं, तर स्वतः यायचं होतंत."

"साहेब, पुसणं सगळ्यात आधी होतं. ती पेटी पुसली गेलीय. डायलिसिसवाल्यांची."

साहेबांना टोमणा सुचला नाही, याचीच बुद्धभूषणला जास्त भीती वाटली.

तेवढ्यात मैत्रीचा फोन वाजला. केंद्रातून उत्कर्षा सिस्टर होती. सिस्टीम कोरी दिसतेय, दुपारचे पेशंट यायला लागलेत. "विमलाबाईंना रक्त पातळ करायचं इंजेक्शन देऊ नकोस, त्यांना सोसत नाही," मैत्रीने आठवून सांगितलं. मग फोनवर हात ठेवून ती नवऱ्याकडे वळली. "भूषण, बाकीच्यांचं मला पाठ नाही. सिस्टीम तुमच्याकडंच असते ना? किती वेळात येईल?"

"येणार नाही."

"म्हणजे?"

"पुसली गेली. माझ्या प्रोग्रामनं. मीच तसं ठेवलं होतं."

मैत्रीने त्याच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिथे त्याच्यासारखीच भीती होती. मग तिने हात काढला. "उत्कर्षा, ऐक. अंदाजानं कोणाला काही देऊ नको. एकेकाला जवळ बसवून त्यांनाच विचार, काय सोसतं, काय नाही."

"आणि ज्यांना बोलता येत नाही, त्यांना?" उत्कर्षाने विचारलं. ते शेजारी बसलेल्या बुद्धभूषणलाही ऐकू आलं.