आडनाव काढ, नंबर राहू दे

"आडनाव काढ. नंबर राहू दे."

अजित सरांनी हे मला सांगितलं नाही. कॉम्प्युटरवर बसलेल्या डिझायनरला सांगितलं. मी त्याच्या खुर्चीमागेच उभी होते. स्क्रीनवर जाहिरात होती. खाडी, खाडीवर मावळता सूर्य, गॅलरीत चहा पिणारं जोडपं. खाली बारीक अक्षरांत माझं पूर्ण नाव आणि माझा एजंटचा रेरा नंबर. डिझायनरने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आडनाव उडवलं. सर म्हणाले, पहिलं नाव तरी कशाला ठेवतोस. तेही गेलं. नुसता नंबर उरला.

"आडनाव वाचून लोक चार प्रश्न विचारतात," सर म्हणाले. "आपलं गिऱ्हाईक वेगळं आहे."

माझं आडनाव कोळ्याचं आहे. ठाण्यातला माणूस ऐकताक्षणी ओळखतो. बाप कळव्याच्या खाडीत होडी घालायचा, खाडीत मासा होता तोपर्यंत. आई अजून मार्केटात मच्छी घेऊन बसते. जाहिरातीतली खाडी आमचीच होती. फोटोही आमच्याच बाजूने काढलेला. फक्त होड्या पुसून टाकलेल्या.

घोडबंदर रोडवरच्या सरांच्या इस्टेट एजन्सीत मी अकरा वर्षं काढली. फोन उचलायला लागलेले, मग साइट दाखवायला लागले. पहिल्याच आठवड्यात सरांनी सांगितलं, तुझा डबा पॅन्ट्रीत उघडू नकोस, वास बसतो, जिन्यात खा. त्या दिवशी डब्यात मेथीची भाजी होती. जिन्यात खाल्ली. पुढे अकरा वर्षं जिन्यातच खाल्लं. तेव्हा राग आला नाही, याचा राग आज जास्त येतो.

मग रेराचा, म्हणजे घरांच्या व्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नियम आला. एजंटने प्रशिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची, नोंदणी करायची, तरच धंदा करायचा. जाहिरातीत एजंटचा नंबर हवा, प्रकल्पाचा नोंदणी नंबर हवा, क्यूआर कोड हवा. सर परीक्षेला बसले नाहीत. म्हणाले, तू हुशार आहेस, तूच दे. मी दिली. पहिल्या झटक्यात पास झाले. नोंदणी माझ्या नावावर झाली आणि त्या दिवसापासून ऑफिसची प्रत्येक जाहिरात माझ्या नंबरवर निघायला लागली. मला त्याचा गर्व होता. खोटं कशाला बोलू. सर्टिफिकेटची झेरॉक्स आईने घरात भिंतीला चिकटवली. आई चौथी शिकलेली. आल्यागेल्याला त्यातला नंबर बोट ठेवून वाचून दाखवायची.

जाहिरातीतल्या खाडीकाठच्या इमारतीच्या दुसऱ्या विंगची नोंदणी अजून झालेलीच नव्हती. मी सरांना मेसेज केला, नोंदणी नसताना जाहिरात करता येत नाही, आम्हाला शिकवलंय. त्यांचं उत्तर आलं, एवढं कोण बघतं. मी गप्प बसले. ही माझी चूक. तीही इथे लिहून ठेवते.

पत्रकं छापून आली. कळवा स्टेशनबाहेर वाटली गेली. त्यातलं एक आईच्या हातात पडलं.

मी घरी गेले तर ती पत्रक मांडीवर घेऊन बसलेली. भिंतीवरच्या झेरॉक्सशी नंबर जुळवून झालेला. पत्रकात खाडीखाली मोठ्या अक्षरांत एक ओळ होती. मी जाहिरात पाहिली तेव्हा ती स्क्रीनवर नव्हती. 'फक्त शाकाहारी, सुसंस्कृत कुटुंबांसाठी.'

आई रागावली नाही. शांतपणे विचारलं.

"बाय, यो नंबर तुजा हाय ना? मंग आमी तिथं यवाचा नाय, असा तूच लिवलंस का?"

ती उठली आणि भाकऱ्या थापायला बसली. मी ते पत्रक कितीतरी वेळा वाचलं. सुसंस्कृत. म्हणजे आम्ही कोण?

दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. त्यांनी मोबाइलवरून डोकं वर केलं नाही. म्हणाले, "अगं, तुला कुठे म्हटलंय? तू आता आमच्यातलीच झालीस." त्यांना वाटलं, मला बरं वाटेल. त्या दिवशीही मी जिन्यातच जेवले.

काही आठवड्यांनी रेराची नोटीस आली. कुणीतरी तक्रार केलेली. नोंदणी नसलेल्या विंगची जाहिरात, प्रकल्पाचा नंबर नाही, क्यूआर कोड नाही. नोटीस सरांना नव्हती. मला होती. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव. सगळं ठळक छापलेलं. जाहिरातीत जे चाललं नाही ते इथे अख्खं चाललं.

सरांनी वकिलाकडून माफीनामा टाइप करून आणलेला. जाहिरात मी माझ्या मनाने केली, मालकांना कल्पना नव्हती, क्षमा असावी. सही करायच्या जागी पेन्सिलीने फुली केलेली. सर म्हणाले, सही कर, मी आहे ना तुझ्यामागे. केबिनमध्ये डिझायनर होता, अकाउंटवाली बाई होती. सगळे टेबलाकडे बघत होते.

मी कागद परत सरकवला.

"सर, सही नाही करणार. जे झालं तेच लिहीन."

"म्हणजे काय लिहिशील?"

"तुम्ही परीक्षा दिली नाहीत, तिथून सुरू करीन."

ते लाल झाले. म्हणाले, जिन्यात जेवणारी बाई तू, तुला खुर्ची दिली. मी पर्स उचलली. जिना उतरून गेले.

उत्तर मी स्वतः लिहिलं. नंबर वापरू दिला, कबूल. नोंदणी नाही हे सांगितलं होतं, त्याचे मेसेज जोडले. आणि शेवटी त्या ओळीबद्दल लिहिलं. सुनावणी व्हिडिओवर झाली. अधिकारी नीट बोलले. सरांना दंड झाला, नोंदणी नसताना एजंटगिरी केली म्हणून. मलाही झाला. मी भरला. मग मी विचारलं, साहेब, त्या ओळीचं काय? ते म्हणाले, तो या प्रकरणाचा विषय नाही.

म्हणजे क्यूआर कोड नाही म्हणून नोटीस येते. माणसाला दारातून हाकललं म्हणून येत नाही. त्या ओळीसाठी आजपर्यंत कुणालाच काही झालेलं नाही. परीक्षेच्या पुस्तकातही ती नव्हती.

आता मी एकटी काम करते. ऑफिस नाही, फोन आहे. मागे डोंबिवलीत एका रिटायर्ड काकांचा फ्लॅट विकायला मिळाला. गोड बोलणारे. चहा दिला, किल्ली दिली. निघताना म्हणाले, जाहिरातीत फक्त शाकाहारी एवढं टाक हं. मी म्हटलं, काका, ते माझ्या जाहिरातीत जाणार नाही. ते म्हणाले, कायद्यात कुठे बंदी आहे? बरोबर होतं त्यांचं. मी किल्ली टीपॉयवर ठेवली आणि उतरले. फ्लॅट दुसऱ्याने विकला. त्या ओळीसकट.

तेव्हापासून दर रविवारी फिरते. डोंबिवली, कल्याण, विठ्ठलवाडी. ज्या बोर्डावर ती ओळ दिसते तो नीट वाचते. एजंटचा नंबर आहे का. प्रकल्पाचा आहे का. कोड मोबाइलवर उघडतो का. बहुतेक वेळा काहीतरी नसतंच. फोटो काढते, रेराकडे तक्रार टाकते. ओळीबद्दल करता येत नाही, तर कोडबद्दल करते. तक्रारीच्या शेवटी ती ओळ मात्र प्रत्येक वेळी उतरवते. विषय नाही म्हणाले तरी. त्यांच्या फायलीत ती साचत राहू दे.

ज्यांच्या तक्रारी केल्या त्यांचे फोन येतात. एकाने सरळ विचारलं, बाई, धंद्यात राहायचंय ना? राहायचंय म्हटलं. त्याचा बोर्ड किती तारखेला लागला तेही त्याला सांगितलं.

शीळफाट्याला नवे बोर्ड लागलेत. या रविवारी तिकडे जाणार आहे.