राखेच्या बुधवारी सोडलेला राग

आमच्या वसईकडे उपवासकाळ जवळ आला की जो तो दुसऱ्याला विचारतो, "यंदा काय सोडणार?" ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस कुणी मटण सोडतं, कुणी साखर. त्या वर्षी मी राग सोडायचं ठरवलं. फोनवर आईला सांगितलं तर ती इतकी हसली की मला तिचाच राग आला. पण उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि तेव्हा अजून मंगळवार होता, म्हणून तो राग मी मनसोक्त करून घेतला.

मी पोलादपूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्स आहे. राहते महाडला. तिथे आमची कॅथलिक घरं मोजून चार-पाच. राखेच्या बुधवारी फादर भल्या सकाळी आले, एका घराच्या हॉलमध्ये मिस्साची प्रार्थना झाली, आणि कपाळावर राखेचा क्रूस घेऊन मी जीप पकडायला पळाले. अंगात नुसतं वारं शिरलं होतं! पोटात अन्न नाही, डोकं हलकं, मन धुतल्यासारखं स्वच्छ. सैतानाने आज समोर यावंच, असं मला वाटत होतं.

तो दहाच्या आत आला.

डोंगरावरच्या वाडीतून आशाताईचा फोन आला. नववा महिना लागलेल्या एका बाईचं तोंड सुजलं होतं, डोकं ठणकत होतं, आणि सासू तिला खाली पाठवायला तयार नव्हती. नवरा मुंबईला. मी जीप वाडीखालच्या वळणावर थांबवून ठेवली आणि चढण धापा टाकत चढले. सून पडवीत भिंतीला टेकून बसली होती, जवळ सासू आणि आशाताई. बीपी मोजलं, तर ते भलतंच वाढलेलं होतं.

"आजी, हिला आत्ताच्या आत्ता महाडला न्यायला हवं. उशीर केला तर झटके येतील. बाळ जाईल, हीसुद्धा जाईल."

"नाय," सासू म्हणाली. एवढंच. मग तिची नजर माझ्या कपाळावर गेली आणि आवाज एकदम उतरला. "अंगारा कुठल्या देवाचा गो, शिष्टर? उपास हाय वाटतं तुजा?"

"हो."

"मंग तूच लाव तिला थोडा. तुज्या देवानं कौल दिला तर बघू."

अरे देवा! किती सोपं होतं! कपाळाची चिमूटभर राख सुनेला लावायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, देव सांगतोय, महाडला न्या. पाच मिनिटांत सगळे जीपमध्ये असते. माझा अंगठा कपाळापर्यंत गेलासुद्धा! आजही ते आठवलं की हातावर काटा येतो. एक जीव वाचवण्यासाठी खोटं बोलले तर काय बिघडलं, असं आतून कुणीतरी इतक्या गोड आवाजात सांगत होतं की मला तो देवाचाच आवाज वाटला. पण मग पुढच्या खेपेला मला बीपी मोजायला कोण बोलावणार? अंगारा लावायलाच बोलावतील, आणि ज्या बाईला तो लागू पडणार नाही, ती माझ्या नावावर मरेल. मी हात खाली घेतला.

"आजी, ह्या राखेनं दुखणं जात नाही. आपण मातीचे आहोत, एक दिवस मातीतच जाणार, हे विसरू नये म्हणून ती लावतात."

आशाताईने कपाळाला हात लावला. भरल्या दिवसांच्या बाईसमोर मी मातीत जायच्या गोष्टी करत होते! म्हातारी ताडकन उठली. "बाहेर हो! माज्या दारात असलं अभद्र बोलतेस?" तिने मला अंगणात काढलं. शेजारणी गोळा झाल्या.

राग असा उसळला की कानशिलं तापली. जिभेवर काय काय आलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी ओठ दाबून धरले, आणि त्या गप्प राहण्यात पहिल्यांदाच म्हातारीचा चेहरा नीट बघितला. ती घाबरलेली होती, आणि दुखावलेली.

"आजी, तुम्ही माझ्यावर कशामुळे रागावलात?"

"आता इचारतेस?" तिचा आवाज फाटला. "या वाडीतली निम्मी पोरं माज्या हातावर आलीत. आनि गेल्या म्हयन्यात तू काय बोललीस? सुनेला मारायला बसलीस काय, म्हनून? शाळंच्या पडवीत, सगळ्यांदेखत!"

बोलले होते. सुनेने लोहाच्या गोळ्या घेतल्या नव्हत्या म्हणून बोलले होते, आणि घरी जाऊन विसरूनही गेले होते. एका सुईणीला मी ते बोलले होते.

"चुकले, आजी," मी पुटपुटले.

"तवा सगळ्यांनी आयकलं. आता माज्या एकटीच्या कानात सांगतेस?"

मी शेजारणींकडे वळले. आत कुठेतरी असा आनंद उसळत होता की काय सांगू! शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "मी या आजींना वाईट बोलले. ते खोटं होतं. मी त्यांची माफी मागते!"

म्हातारीने पदराने नाक पुसलं आणि आत जाऊन सुनेचं लुगडं पिशवीत कोंबलं. "सूज मलाबी दिसतेय गो," ती हळूच म्हणाली. "दोन दिस दिसतेय. तुज्यासमोर हार कशी मानू, म्हनून गप व्हते."

सुनेला खुर्चीत बसवून गड्यांनी उतारावरून जवळजवळ पळतच खाली आणलं. जीपमध्ये वाटभर म्हातारी तिचे तळवे चोळत होती आणि मी दर वळणाला बीपी बघत होते. त्या संध्याकाळी महाडच्या दवाखान्यात ऑपरेशन करून मुलगी झाली. बारीक होती, पण काय रडली! आई आणि ती, दोघी वाचल्या.

मला मात्र त्या दिवसातलं ऑपरेशनच्या आधीचं एक मिनिट जास्त आठवतं. दोन दिवस सूज असल्याचं मी कागदावर लिहिलं होतं; तो बघून डॉक्टर म्हातारीवर कडाडले, "एवढी सूज दिसत होती, दोन दिवस काय करत होतात?"

ती मान खाली घालून उभी राहिली. माझं नाव तिने घेतलं नाही.

"डॉक्टर," मी म्हणाले, "उशीर माझ्यामुळे झाला."