‘जेवलीस का?’चा दुसरा टेक

“मावशी, मोबाइल वाजल्याशिवाय लाजायचं नाही!” दिग्दर्शक असा ओरडला की सांगलीतल्या अर्ध्या कावळ्यांनी गाव सोडलं.

ब्लाउज शिवणाऱ्या आमच्या शेजारच्या सुमनमावशींवर माहितीपट चालला होता. मोबाइलवर भेटलेल्या एका गृहस्थांवर मावशींचं प्रेम जडलं. प्रत्यक्ष भेट कधी झालीच नाही, आणि एके दिवशी ते गप्पच झाले. ‘हे बघून तरी लिहितील,’ म्हणून मावशी कॅमेऱ्यासमोर बसल्या होत्या.

त्या गृहस्थांचा पहिला मेसेज आला तो क्षण दिग्दर्शकाला पुन्हा हवा होता. तो पाठवायला मला स्वयंपाकघरात गॅसच्या टाकीशेजारी, दारातून मावशी दिसतील असं बसवलं. मी त्यांचेच शब्द लिहिले, ‘जेवलीस का?’

मावशींनी शिलाई मशीन थांबवलं. हात पुसले, पदर खांद्यावरून नीट घेतला आणि मगच मोबाइल उचलला. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मग त्या जे लाजल्या, ते पाहून पंखा फिरायचा थांबला. कॅमेरावाल्यानं श्वास रोखला, तो बहुधा अजून सोडलेला नाही. माझ्या बायकोनं माझ्याकडे असं कधी पाहिलेलं नाही, आणि मी तर रोज साक्षात समोर असतो. मेसेज माझा, प्रसंग नकली. पण ती लाज कुणाची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझ्या हातातला मोबाइल थरथरला. ‘हो. तुम्ही?’

मी सकाळपासून उपाशी होतो. पण उत्तर द्यायचं धाडस झालं नाही.

दिग्दर्शक आता हळू आवाजात बोलला. “मावशी, मेसेज आतून हे तुमचे शेजारी पाठवत होते, माहीत होतं ना?”

मावशींनी सुईत दोरा ओवला. “तेव्हा तरी कोण पाठवत होतं, मला कुठं माहीत होतं?”