जवाई सायकलवर येत नसतात

आमची लेक नोकरीच्या निमित्ताने फ्रान्सात राहते. दिवाळीच्या आधी तिने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. तिकडच्या कुठल्याशा नदीच्या खोऱ्यात ती सायकलने फिरून आली होती. नदीकाठाने गेलेली अरुंद वाट, दोन्ही बाजूंना शेतं, मधेच एखादं दगडी घरांचं गाव, पुलाच्या कठड्याला टेकवलेली सायकल. मी चष्मा लावून फोटो पाहिले, "वा वा" म्हटलं आणि बाप म्हणून माझं काम संपलं असं समजून फोन खाली ठेवला. बायकोने तो उचलला. एकेक फोटो बोटांनी मोठा करून ती बराच वेळ पाहत होती.

"हे तर आपल्या चुलबंदसारखंच आहे," ती म्हणाली.

"कुठे फ्रान्स, कुठे चुलबंद!"

"काऊन? तिथलं पाणी वरून खाली वाहते, आणि आपल्या इथलं काय खालून वर वाहते?"

मी वाद तिथेच सोडला. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून एकही जिंकलेलो नाही.

बायकोचं माहेर चुलबंद नदीच्या काठी, कोहमाऱ्याच्या पलीकडे. आम्ही राहतो गोंदियात. दिवाळी झाली की तिकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रेसारखी दुकानं, रात्री नाटक, आणि घराघरात पाहुणे. मंडईला लेक-जवाई आले नाहीत तर त्या घराची मंडई झालीच नाही असं मानतात. म्हणून दरसाल भाऊबिजेनंतर माझा साळा पिकअप घेऊन येतो आणि आम्हाला घेऊन जातो. पिकअप नव्हती तेव्हा मोटारसायकल होती, त्याआधी सासरे बैलांचं खाचर घेऊन कोहमाऱ्याच्या स्टँडवर उभे राहायचे. म्हणजे वाहन बदललं, रीत तीच.

त्या संध्याकाळी बायकोने भावाला फोन लावला. स्पीकर चालू होता, कारण आमच्या घरी खासगी असं काही नसतं.

"यंदा गाडी आणू नको. आमी सायकलनं येऊन राहिलो."

पलीकडे साळ्याने आधी टीव्ही बंद केला. मग, "काय झालं, बाई? भाऊजीची नोकरी गेली का?"

"नोकरी आहे. मले सायकलनं यायचं आहे."

"तुले येना असंल तर ये. पण जवाई सायकलवर येत नसतात. गाव काय म्हणंल? साळ्याजवळ गाडी असून जवायाले पायडल मारवलं! मी गाडी घेऊन येतो."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "आजवर मले कोणीतरी आणलं, कोणीतरी नेलं. सामानासारखं. एकदा मले माज्या पायानं माज्या गावात शिरायचं आहे. तो गाडी घेऊन आडवा आला तर सारं मुसळ केरात." हे ती रागाने नाही, अगदी साधेपणाने म्हणाली, म्हणून मला ते जास्त लागलं. एरवी मी तिच्या बेतात चार तरी शंका काढतो. त्या दिवशी एकच काढली.

"आपल्याला जमेल का?"

"माजं मी पाहतो. तुमचं तुमी पाहा."

माझं मी पाहिलं ते असं : गिअरची सायकल घेतली. दुकानदाराने गिअर समजावून सांगितले, मी मान डोलावली, आणि आजतागायत ती सायकल मी एकाच गिअरवर चालवतो, कारण दुसरा टाकला की खालून दळण दळल्यासारखा आवाज येतो. लेकीने व्हिडिओ कॉलवर बजावलं म्हणून हेल्मेटही आणलं. ते घालून आरशात पाहिलं तर डोक्यावर अर्धी पपई ठेवल्यासारखं दिसत होतं. बायकोने लेकीची शाळेतली सायकल काढली. पुढे टोपली, मागे कॅरिअर, घंटी गंजलेली. तिने ती रॉकेल लावून लखलखीत केली आणि टोपलीत भाचीसाठी फ्रॉक, आईसाठी लुगडं ठेवलं. रोज पहाटे ती सराव करायला जायची. मी उठेपर्यंत तिचा चहा झालेला असायचा.

ठरल्या दिवशी, साळ्याला न कळवता, उजाडायच्या आत निघालो. कार्तिकातली थंडी, रस्त्यावर धुकं. गोरेगाव मागे पडलं आणि पुढे जंगलाचा टप्पा लागला. एका बाजूला नागझिरा, जागोजागी 'वन्यप्राणी रस्ता ओलांडतात' अशा पाट्या. या टप्प्यात मी सगळ्यात वेगात सायकल चालवली. बायको म्हणते तो वेग नव्हता, ती भीती होती. असेल. पण सायकल तर पुढेच गेली ना?

कोहमाऱ्याला ट्रकांच्या गर्दीत एका ढाब्यावर आलूबोंडे खाल्ले आणि हमरस्ता सोडून नदीकडच्या वाटेला लागलो. तिथून पुढे मी गप्प झालो. माझ्या घरचे सांगतील, असं क्वचित होतं.

मी त्या वाटेने वर्षानुवर्षं गेलो होतो, पण पिकअपच्या काचेतून, साळ्याच्या गप्पा ऐकत. धानाला वास असतो हे मला तेव्हा कळलं नव्हतं. कापणी चालू होती. बांध घातलेल्या बांधीबांधीत कापलेल्या धानाच्या कडपा पसरलेल्या, त्यावर ऊन पडलं की सगळं शिवार तुपात तळल्यासारखं दिसायचं. बाया वाकून कापत होत्या आणि वाकल्या वाकल्या आमची थट्टा करत होत्या. "अवो पाहा, बायको पुढं, नवरा मांगं!" झाडांच्या मधून नदी दिसायची, लपायची, पुन्हा दिसायची. पाणी थोडंच, पण तळातली वाळू दिसेल इतकं नितळ. बगळे आमच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते. आणि पुढे बायको चालली होती, पदर खोचून, पाठ ताठ, एका लयीत. तिला दम लागत नव्हता. वाटेतलं प्रत्येक झाड ओळखीचं असल्यासारखी ती मान वळवायची. हीच बाई आमच्या घरी जिना चढताना गुडघे धरते, हे मला खरं वाटेना.

तिने मला एकच गोष्ट बजावून ठेवली होती : "कोणी विचारलं तर गोंदियाचे आहोत म्हणा. त्याच्यापुढं बोलू नका."

पण माझ्या मागच्या चाकातली हवा कमी झाली. एका गावात पानठेल्याजवळ पंप दिसला. हवा भरता भरता ठेलेवाले काका म्हणाले, "कोठचे जी तुमी?"

"गोंदियाचे."

"इकडं कोणाच्या घरी जाऊन राहिले?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण एखाद्याने जिव्हाळ्याने विचारलं आणि मी अर्धं उत्तर दिलं असं कधी झालेलं नाही. मी सासऱ्यांचं नाव सांगितलं.

"अरे! म्हंजे तुमी आमचे जवाई!"

त्या भागात एका गावचा जवाई आजूबाजूच्या सगळ्या गावांचा जवाई असतो. क्षणात खाट आली, पाय धुवायला पाणी आलं, लाखोळीच्या डाळीचे वडे आले. नको म्हटलं की वाढणाऱ्याचा अपमान, हो म्हटलं की पोटाचा. बायको सायकल धरून उभीच होती, डोळ्यांनी मला जाळत. आणि काकांनी, जवायाला आणखी मान द्यावा म्हणून, माझ्या साळ्याला फोन लावला.

"तुमचे जवाई सायकलवर आहेत जी! काही बिघाड आहे का?"

पुढच्या गावी पोचलो तर बाया तांब्या घेऊन रस्त्यावर उभ्या. बातमी आमच्या आधी पोचली होती. तिथे पोहे आणि अनारसे झाले. माझ्या सायकलीचं वजन प्रत्येक गावात वाढत गेलं. बायको एव्हाना माझ्याशी बोलतच नव्हती.

शेवटी नदीवरचा रपटा आला. पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा तो ठेंगणा पूल. पलीकडे तिचं गाव दिसत होतं, मंडईचा भोंगा ऐकू येत होता. आणि रपट्याच्या मधोमध साळ्याची पिकअप आडवी उभी होती.

"चाल, बाई. सायकली टाक मांगं."

"बाजूला हो," बायको म्हणाली.

"अवो, सारी मंडई भरून आहे! जवाई घामानं निथळत गावात शिरले तर माजी काय इज्जत राह्यते? भाऊजी, तुमीच सांगा हिले."

"त्याहिले काय विचारतं? तू दरसाल न्यायले आला, मी नाही म्हटलं का कधी? एक साल मी आली तर तुजं काय गेलं?"

बोलता बोलता तिने सायकलचं पुढचं चाक गाडीला नेऊन भिडवलं. साळ्याने खाली पाहिलं, पण गाडी हलवली नाही. तोही वाईट नव्हता. त्याने वर्षानुवर्षं जपलेली रीत होती ती. नदीचं पाणी दोघांच्या खालून वाहत होतं आणि मी मधे, पोटात पाच गावांचे वडे घेऊन.

आयुष्यात मला ऐनवेळी कधी काही सुचत नाही. तेव्हा सुचलं.

"तुझी इज्जत जवायावर आहे ना?" मी साळ्याला विचारलं.

"मंग?"

"मग जवाई गाडीत बसतात. ती सायकलने जाईल."

खरं सांगायचं तर यात त्याग वगैरे काही नव्हता. माझ्या मांड्या कधीच्याच गाडीत जाऊन बसल्या होत्या. गिअरची सायकल मागे चढली, मी हेल्मेटसकट पुढे बसलो. साळ्याने गाडी कडेला घेतली. बायको आमच्या बाजूने निघून गेली. माझ्याकडे बघून तिने घंटी वाजवली, सकाळपासून पहिल्यांदा.

आम्ही मागून हळूहळू निघालो. साळ्याने सवयीने एकदा हॉर्न वाजवला, मग हात मागे घेतला. गावात शिरायचा चढ आला. तिथे पिकअपही जरा कुरकुरते. बायको सीटवरून उठली आणि उभ्याने पायडल मारत चढून गेली. फुगेवाले, भजेवाले, नाटकाचे पास घेऊन उभी असलेली माणसं, सगळी बाजूला सरकली. कोणी ओरडलं, "अवो, हे तर आपल्या गावची पोरगी!"

साळ्याने चढासाठी गिअर बदलला. मग हळूच म्हणाला, "पायडल सोडत नाही जी हे बाई."

"मला काय सांगतोस," मी म्हणालो.

दारात सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. तो तांब्या दरसाल माझ्यासाठी असतो. जवाई गाडीतून उतरले की पायावर पाणी. मी सवयीने बसल्या जागी चप्पल काढून तयार झालो. सासूबाई गाडीजवळून पुढे गेल्या, सायकलीसमोर थांबल्या. पूर्वी लेक माहेरी आली की खाचराच्या चाकावर त्या पाणी ओतायच्या, तसं त्यांनी टोपलीवाल्या सायकलीच्या पुढच्या चाकावर पाणी ओतलं, आणि उरलेलं लेकीच्या पायांवर. साळाही उतरून तिकडे धावला आणि बहिणीच्या हातातून सायकल धरली. मग सगळे घोळक्याने आत गेले.

त्या पिकअपचं माझ्या बाजूचं दार आतून उघडत नाही. बाहेरून कोणीतरी उघडावं लागतं. मी पपई डोक्यावर घेऊन, अनवाणी, बराच वेळ तिथे बसून होतो. आत हशा चालू होता. सायकल भिंतीला टेकवलेली होती, चाकावरून पाणी ठिबकत होतं. मोबाइल काढून मी त्या सायकलीचा एक फोटो घेतला आणि लेकीला पाठवला.